परसाला कुंपण घालताना



मागे आम्ही परसबागेवर बोललो होतो. त्यानंतर किती तरी जणींनी एकच गाऱ्हाणं सांगितलं. वाफे केले, बी टोचलं, भांडी धुतलेलं पाणी वळवलं, मेथी चार बोटं वर आली, आणि एका सकाळी बघावं तर शेजारच्या शेळीनं सगळं साफ केलेलं. एक काकू तर म्हणाल्या, "बाग कशी करायची ते सांगितलंत, आता ती राखायची कशी तेही सांगा." खरं आहे त्यांचं. म्हणून आज कुंपणावर बोलू.

हे बोलायचा आम्हाला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगू, की आम्ही यात पैसे घालवले आहेत. आमचा गट अकरा जणींचा. तीन वर्षांपूर्वी गटाच्या अंतर्गत कर्जातून अकरा घरांना एकदम कुंपण घालायचं ठरलं. तार एकत्र घेतली की स्वस्त पडेल, हा हिशेब. तार स्वस्त पडलीही. पण पहिल्याच पावसाळ्यात चार घरांचे खांब कलंडले, दोन घरांच्या लाकडी मेढींना वाळवी लागली, आणि एका घरी कुंपणावरून भाऊबंदकी उठली. कुंपण आडवं झालं तरी हप्ता उभाच होता. पुढे वर्षभर आम्ही पडलेल्या कुंपणाचे पैसे फेडत होतो. तुमच्यावर ती पाळी येऊ नये.

तार कोणती, जाळी कोणती, हे नंतर. आधी दोन-तीन दिवस सकाळी उठून परसात पावलं बघा. आत कोण येतं? कोंबडी येत असेल तर काटेरी तारेच्या दहा ओळी मारल्या तरी ती मधून जाईल. तिला बारीक जाळीच हवी, तीही खाली जमिनीला टेकलेली. शेळी दोन तारांच्या मधून मान घालते, आणि मागच्या पायांवर उभी राहून वरचाही पाला ओढते. डुक्कर खालून उकरतं. गाय-म्हैस अंग घासून खांबच ढकलते. ज्याला अडवायचं आहे त्याच्या खोडीवर कुंपण ठरतं. काही जणींना जनावरापेक्षा न्हाणीला आडोसा हवा असतो. तिथे तार काही कामाची नाही, दाट झुडूपच पाहिजे. आणि ज्या भागात बिबट्या फिरतो तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: परसाचं साधं कुंपण त्याला अडवत नाही. शेळ्या-करडं रात्री चहूबाजूंनी आणि वरूनही बंद असलेल्या गोठ्यातच पाहिजेत.

आता हद्दीचं. यावर आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत, कारण खांबाची चूक पैशानं निस्तरते, हद्दीची चूक घरं तोडते.

आमच्या गटातल्या एक वहिनी. घरधनी गेल्यापासून दोन मुलींना घेऊन एकट्या राहतात. शेजारी दिराचं घर, मध्ये काट्यांचं कुंपण. काट्यांचं कुंपण दर साल नवं करावं लागतं, आणि दर साल ते दीरच करायचे. वहिनींना वाटायचं, बरंय, आपले कष्ट वाचले. पण काट्यांच्या कुंपणाला पाय असतात बायांनो. यंदा वीतभर सरकतं, पुढल्या साली हातभर. लग्नानंतर वहिनींनी स्वतः लावलेलं कढीपत्त्याचं झाड एका वर्षी कुंपणाच्या पलीकडे गेलेलं त्यांना दिसलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे झाड माझ्या हातचं आहे." दीर म्हणाले, "वहिनी, हद्द काय झाडावरून ठरते का?" त्यांचंही चूक नव्हतं. हद्द झाडावरून ठरत नाही.

मग कशावरून ठरते? घरपट्टीचा ग्रामपंचायतीचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. त्यावर घर कुणाचं लिहिलंय ते दिसतं, पण जमिनीवर रेघ कुठे मारायची ते त्यावरून कळत नाही. जिथे गावठाणाची मोजणी झालेली आहे तिथे मिळकत पत्रिका मिळते. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली, तिच्यात ड्रोन उडवून गावठाणांची मोजणी होते आणि घरमालकांना मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावात ती झाली आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. घर शेतजमिनीत असेल, किंवा वाद असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो. फी भरावी लागते. शेजाऱ्यांना नोटीस जाते, मोजणीदार येऊन हद्द दाखवतो आणि नंतर नकाशा मिळतो. त्याला 'क' प्रत म्हणतात. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा. मोजणीच्या दिवशी घरी फक्त पुरुषमाणसानंच उभं राहायचं असतं असं काही नाही. खुणा कुठे ठोकल्या ते आपल्या डोळ्यांनी बघा, फोटो काढा.

आणखी एक. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावता येतं. कुंपणाच्या निमित्तानं ग्रामपंचायतीत गेलाच आहात, तर आपलं नाव आहे का तेही बघून या. आमच्या अकराजणींपैकी चौघींचंच होतं. आता नऊजणींचं आहे.

वहिनींनी मोजणी करून घेतली. निघालं काय, तर साडेतीन फूट आत आलेलं. पण त्याच मोजणीत दुसऱ्या टोकाला वहिनींची मोरी सव्वा फूट पलीकडे गेलेली निघाली. म्हणजे कागद दोन्ही बाजूंनी बोलतो. मग घरातलीच दोन वडीलधारी माणसं बसली. मोरी आहे तिथे राहू द्यायची आणि कुंपण खुणेवर आणायचं, असं ठरलं. ते साध्या कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. अजूनही बोलणं पहिल्यासारखं नाही, हे खरं. पण कुंपण जागचं हलत नाही.

हद्द कळली की खड्डे हद्दीच्या रेघेवर नाही, रेघेच्या आत घ्या. तार असेल तर वीतभर आत पुरे. झुडपं लावणार असाल तर दीड-दोन फूट आत, कारण झुडूप दोन्हीकडे पसरतं आणि पलीकडे गेलेल्या फांदीवरून पुन्हा तंटा. वहिवाटीची वाट, पावसाच्या पाण्याचा ओघळ, सांडपाण्याची गटार अडवू नका. आणि काम सुरू करण्याआधी शेजारणीला सांगा. खड्डे खणायला लागल्यावर सांगितलं तर ते सांगणं धरत नाहीत. सांगितलं तर कधी कधी ती निम्मा खर्चही देते. आमच्याकडे दोन ठिकाणी दिला.

आता कुंपण कशाचं. कोकणातल्या बहिणींकडे चिरे आणि दगडी गडगे आहेत, तिथे रचणारे गवंडीही आहेत. त्याबद्दल त्याच जास्त सांगतील. आमच्या कोरड्या भागात तीनच वाटा: काट्या, झुडपं, तार.

बाभळी-बोरीच्या काट्यांना पैसे लागत नाहीत, हात लागतात. बुंधे आतल्या बाजूला, काटे बाहेर, आणि वरून दगडांचा दाब. वर्षभर टिकतं. उन्हाळ्यात मात्र ते वाळून कोळ झालेलं असतं. चुलीतली राख विझल्याशिवाय त्याच्या कडेला टाकू नका. एका निखाऱ्यानं गोठ्यापर्यंत आग जाते.

झुडपांचं जिवंत कुंपण आम्हाला सगळ्यात आवडतं, आणि त्यातच लोक सगळ्यात लवकर कंटाळतात. दोन-तीन वर्षं त्यालाच राखावं लागतं. म्हणून बाहेरून काट्या आणि आतून झुडपं, असं दोन्ही एकदम करायचं. काट्या कुजेपर्यंत झुडूप उभं राहतं.

करवंद चांगलं. काटेरी आहे, बारमाही हिरवं आहे, पाण्याला हट्ट करत नाही, आणि फळ विकताही येतं. पण त्याचं बी फार दिवस ठेवता येत नाही. पिकलेल्या फळातलं बी काढून धुवून लगेच पिशव्यांत लावा. रोपं पुढच्या पावसाळ्यात जमिनीत. सागरगोटा तर असा दाट आणि आकड्यांचा होतो, की माणूसही आत शिरत नाही. लहानपणी आपण ज्यांनी खेळलो तेच ते बी. त्याचं कवच दगडासारखं कठीण. तसंच पेरलं तर महिनोन्महिने पडून राहतं. एका बाजूनं खडबडीत दगडावर घासायचं, आतला पांढरा गर जरा दिसेपर्यंत, आणि रात्रभर पाण्यात ठेवून मग लावायचं. आमच्या आत्याबाईंनी सगळ्या बिया घासल्या, त्यांच्या सुनेनं "कशाला एवढं" म्हणून तशाच पेरल्या. श्रावणात दोन्ही ओळी बघायला आम्ही मुद्दाम गेलो होतो. सून अजून हसते त्यावर.

मेंदी दिसायला छान, आडोशालाही चांगली. काड्यांपासूनही येते. दोन ओळी करा, ओळीत फूटभर अंतर, आणि दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येऊ द्या.

कुठलंही झुडूप लावा, एक काम जिवावर आलं तरी करायचंच. रोप फूट-दीड फूट झालं की शेंडा खुडायचा. हात धजत नाही, वाटतं आत्ता कुठे वर आलंय. पण शेंडा ठेवला तर ते सरळ वर जातं, डोकं दाट आणि पाय उघडे. शेळी पायातूनच येते. खुडलं की बुडाशी फांद्या फुटतात. पुढे छाटतानाही खालची बाजू रुंद आणि वरची अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं.

आता काय लावू नये ते. मोगली एरंडाला जनावर तोंड लावत नाही, फांदी खोचली की येतो, म्हणून कुंपणाला खूप ठिकाणी दिसतो. पण त्याच्या बिया विषारी आहेत. मुलं शेंगदाण्यासारख्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्ही विषारी, माणसाला आणि जनावराला. घरात लहान मूल असेल तर ही झाडं परसाच्या कुंपणात नकोतच. घाणेरीनं गुरांना विषबाधा होते, वर ती पसरते. आणि वेडी बाभूळ! ती काही वर्षांत कुंपण सोडून आत येते, तिची मुळं पाणी ओढतात, खणून काढायला नाकी नऊ येतात. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच असावं, असं आम्हाला तिच्याकडे बघून वाटतं.

ज्यांना तारच हवी पण खांबांना पैसे नाहीत, त्यांनी गिरिपुष्प, शेवगा किंवा हादगा खांब म्हणून लावावा. गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या जाड, पाच-सहा फूट लांब फांद्या पावसाच्या तोंडावर दीड फूट पुरायच्या. वरचं टोक तिरपं कापायचं, म्हणजे पाणी साचून कुजत नाही. पाला वाफ्यांना खत होतो. पहिल्या वर्षी त्यांना तार ओढून बांधू नका, मूळ धरू द्या. आणि तार झाडात रुतू नये म्हणून मध्ये जुन्या टायरची पट्टी घाला.

तारेचं गणित आता. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चौरस तुकडा असेल तर एक बाजू ३३ फूट, चारी बाजू मिळून १३२ फूट. त्यातून ४ फुटांचं फाटक वजा केलं की राहिलं १२८ फूट. साधारण ८ फुटांवर एक खांब धरला तर १६ गाळे आणि १७ खांब. काटेरी तारेच्या चार ओळी म्हणजे ५१२ फूट. गाठी-वळशांसाठी थोडी जास्त धरून ५५० फूट तार लागेल. तार किलोवर विकतात, म्हणून दुकानदाराला विचारायचं, एका किलोत किती फूट बसते? जो सांगत नाही त्याच्याकडे घेऊ नका. खालच्या दोन ओळी जवळ जवळ, सहा-सहा इंचांवर, वरच्या जरा लांब ठेवल्या तरी चालतात.

आम्ही फसलो ते गेजमध्ये. आम्हाला वाटलं, १४ गेज म्हणजे १२ पेक्षा भारी. उलट आहे. आकडा मोठा तितकी तार बारीक. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास, १२ ची सुमारे २.६, आणि १४ ची जेमतेम २ मिलिमीटर. जस्ताचा मुलामा आहे का तेही बघा. नुसती काळी तार लवकर गंजते. घरात लहान मुलं असतील तर परसाला काटेरी तारेपेक्षा जाळी बरी. महाग पडते, पण शेळी, कुत्रा आणि फाटलेले परकर, तिन्ही वाचतात.

खांब सात फुटी असेल तर दोन फूट जमिनीत, पाच फूट वर. आमचे चार घरचे कलंडले ते काळ्या मातीतले. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दीड फुटावर पुरलेल्या खांबाला दातासारखी हलवते. तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जा. खड्ड्यात एक घमेलं सिमेंट, तीन वाळू, सहा खडी. वरचं तोंड जमिनीच्या थोडं वर आणि बाहेर उतरतं ठेवा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी थांबत नाही. आठवडाभर पाणी मारा, आणि तोवर तार ओढू नका. गडीमाणसं घाई करतात, त्यांना दुसऱ्या दिवशी मोकळं व्हायचं असतं. त्यांचं ऐकू नका. लाकडी मेढी घ्यायच्या तर वाळलेल्या, साल काढलेल्या, आतल्या पक्क्या लाकडाच्या. ओली सुबाभूळ सालीसकट पुरली तर ती वाळवीचं जेवण होते. आमची तीच होती.

सगळा भार कोपऱ्याच्या खांबावर येतो. त्याला तिरपा टेकू लागतो, आणि तो ज्या बाजूला तार ओढते त्याच बाजूनं, तारेच्या रेषेत आतून द्यायचा. बरेच जण बाहेरून देतात. तो नुसता शोभेला उभा राहतो. कोपऱ्यावर तार दोन दिशांना ओढते, म्हणून टेकूही दोन. तार ताणताना तिच्या रेषेत कुणी उभं राहू नये; तुटली तर चाबकासारखी येते. हातांना जाड कापड, पदर खोचलेला, मुलं लांब. गंजकी तार लागली तर जखम साबण-पाण्यानं धुवून धनुर्वाताच्या सुईचं आरोग्य केंद्रात विचारा.

फाटक चार फुटांहून अरुंद नको, डोक्यावर भारा घेऊन आत यायचं असतं आपल्याला. लाकडी फाटकाला आडवी तिरपी पट्टी हवीच. ती बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून कडीच्या वरच्या कोपऱ्यात जायला हवी. उलटी मारली तर वर्षात फाटक जमिनीला टेकतं आणि मग ते उघडंच राहतं. उघड्या फाटकाचं कुंपण शेळ्यांना चांगलं माहीत असतं.

हे पुढचं नीट ऐका. डुकरं येतात म्हणून घरच्या लाइटीचा करंट तारेत सोडायचा नाही. कधीच नाही, एका रात्रीपुरताही नाही. त्यात डुकराआधी माणूस मरतो: पहाटे परसाकडे जाणारी बाई, चेंडू आणायला गेलेलं पोर. आणि सोडणाऱ्यावर माणूस मारल्याचा गुन्हा लागतो. सौर कुंपणाचं यंत्र वेगळं असतं, ते क्षणभराचे ठरावीक झटके देतं. त्याच्या जागी घरची वायर जोडून भागत नाही. तसंच कुंपणाची तार विजेच्या खांबाला, किंवा खांबाला ताण देणाऱ्या तारेला बांधू नका. घराकडे येणारी सर्व्हिस वायर कुठे कुंपणाला घासत नाही ना, ते पावसाआधी बघा. ओले कपडे आपण कुंपणावरच टाकतो. वायरचं वेष्टण फाटलेलं असलं तर तीच तार जीव घेते. कपड्यांना नायलॉनची दोरी वेगळी बांधा. कुणी चिकटलंच तर हात लावायला धावू नका. आधी मेन स्विच बंद, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं बाजूला करा.

देखभालीचं फार नाही. पहिला मोठा पाऊस झाला की एक फेरी मारा, हललेला खांब ओली माती आहे तोवर ठोकून घ्या. दिवाळीच्या आधी दुसरी फेरी: सैल तार, गंजलेली गाठ, तारेवर चढलेले वेल. वेल दिसतो छान, पण ओल धरतो आणि वाऱ्यात त्याच्या भारानं जाळी झुकते. दोडका-कारल्याला मांडव वेगळा करा. आमच्यातल्या दोघी ऐकत नाहीत, त्यांचं कारलं जाळीवरच असतं, आणि खरं सांगायचं तर भरपूर लागतं.

आता वैशाख सरत आलाय. खड्डे उन्हातच खणून ठेवा, झुडपं आणि फांद्या पहिल्या पावसानंतर. सागरगोट्याचं बी आमच्याकडे पायलीभर जमलं आहे. ज्यांना हवं त्यांनी गटाच्या बैठकीला येताना पिशवी आणावी, आणि घासायला खडबडीत दगड घरी आहे का ते आधी बघून यावं.